एंजल्स रेस्ट, कॅनब: मुक्या सोबत्यांची स्मृतिभूमी

अमेरिकेत युटा राज्याच्या दक्षिण भागात, कॅनब गावाजवळच्या तांबड्या वालुकाश्माच्या दरीत १९८४ साली उभे राहिलेले ‘बेस्ट फ्रेंड्स’ हे प्राणी आश्रयस्थान पाहायला जाणाऱ्या मराठी मंडळींनी तेथील ‘एंजल्स रेस्ट’ या स्मृतिस्थळासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. आश्रयस्थानात अखेरचा श्वास घेतलेली कुत्री, मांजरे आणि पक्षी येथे विसावले आहेत. समाध्यांवर येणारे-जाणारे लोक लहान खडे ठेवतात, आणि लाकडी चौकटींना टांगलेल्या, प्राण्यांची नावे कोरलेल्या पवनघंटा वारा सुटला की एकामागून एक किणकिणू लागतात. आपल्या घरच्या गेलेल्या प्राण्यासाठीही देणगी देऊन अशी घंटा लावता येते. प्रवेशाला शुल्क नाही. उन्हाळ्यात मात्र सकाळीच जावे.

मला सर्वाधिक भावली ती येथील संयत मांडणी. कोरड्या प्रदेशात हिरवळीचा हट्ट न धरता भोवतीच्या जुनिपर आणि सेजब्रश या तिथल्या रानटी झाडाझुडपांनाच या जागेची शोभा मानले आहे.

आपल्याकडील एखाद्या आश्रयस्थानात अशी बाग लावायची असेल, तर हीच दृष्टी ठेवावी; मात्र झाडे प्राण्यांना अपाय न करणारी निवडावीत. जास्वंद, मोगरा, गुलाब निर्धास्तपणे लावावेत. कण्हेर मात्र, कितीही कमी पाण्यावर फुलत असली तरी, टाळावी. तिचे पान, फूल, खोड सारेच विषारी असून मोकळ्या फिरणाऱ्या गुराढोरांच्या किंवा कुत्र्यांच्या पोटात गेल्यास जिवावर बेतते. मांजरे असतील तेथे लिलीही लावू नये, कारण तिच्यामुळे त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात.