गोठवलेले उंदीर घरपोच: एका सेवेचा अनुभव

पाळीव सापासाठी मागवलेले उंदीर कडक गोठलेल्या स्थितीत पोहोचले आणि प्रत्येक उंदीर स्वतंत्र हवाबंद पिशवीत होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. कारण त्यामुळे बाकीच्यांना धक्का न लावता एकच पिशवी काढून, झाकणाच्या डब्यात रात्रभर फ्रीजमध्ये वितळवता येते. एका पिशवीच्या कडेला मात्र गुलाबी बर्फाचा थर साचलेला दिसला, म्हणजे तो उंदीर वाटेत वितळून पुन्हा गोठला असावा, म्हणून मी तो टाकून दिला. वेष्टनावर उणे 18 अंश सेल्सिअसला साठवण्याची आणि मायक्रोवेव्ह टाळण्याची सूचना आहे. पण गोठवल्याने साल्मोनेला हा पोटाचे आजार घडवणारा जिवाणू मरतोच असे नाही, त्यामुळे चिमटा वापरला तरी हात साबणाने धुवावेत, हेही ठळकपणे छापायला हवे होते.