हलशी: मुक्कामालाच जावे असे गाव

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील हलशीला येणारे बहुतेक लोक भूवराह नृसिंहाचे दर्शन घेऊन, चार फोटो काढून तासाभरात पुढच्या रस्त्याला लागतात. बेळगावहून खानापूरमार्गे साधारण ४० किलोमीटरवर असलेल्या या गावाला एवढाच वेळ देणे मला अजिबात पटत नाही. आम्ही ओळखीतून एका शेतकरी कुटुंबाकडे राहण्या-जेवणाची सोय करून घेतली आणि दिवाळीनंतर, भाताची कापणी संपत आली असताना तेथे मुक्काम केला. तो अनुभव इतका समाधानाचा होता की, जाऊ इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

मंदिरासाठी सकाळची वेळ राखून ठेवावी. येथे दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकात वराह आणि दुसऱ्यात नृसिंह-नारायण. मधल्या मंडपात उभे राहिले की दोन्ही देव दोन बाजूंना असतात आणि आधी कोणाकडे वळावे, असा प्रश्न क्षणभर पडतो. आतला उजेड मंद असल्याने डोळे सरावेपर्यंत थांबावे लागते, आणि मग वराहाची भव्य मूर्ती हळूहळू स्पष्ट होत जाते. गोव्याचा कदंब राजा शिवचित्त पेर्माडी याच्या येथील शिलालेखात कलियुगाचे ४२७० वे वर्ष दिले आहे, म्हणजे इसवी सन ११६९. शकाऐवजी कलियुगाची गणना वापरण्याची या घराण्याची रीत होती, हे ठाऊक असले की तो लेख निराळ्याच कुतूहलाने पाहिला जातो.

गावाचा इतिहास मात्र याहून सहा-सात शतके मागे जातो. त्या वेळी याचे नाव पलाशिका होते आणि बनवासीच्या जुन्या कदंब राजघराण्याचे ते महत्त्वाचे नगर होते. हलशीत सापडलेल्या ताम्रपटांवरून त्या घराण्यातल्या राजा मृगेशवर्म्याने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ येथे जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधल्याचे कळते. त्याचा मुलगा रविवर्मा याच्या ताम्रपटात तर कार्तिक पौर्णिमेला दरवर्षी आठ दिवसांचा जिनोत्सव व्हावा आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधूंच्या भोजनाची व्यवस्था व्हावी, असे नमूद आहे. जैन साधू पावसाळ्याचे चार महिने एकाच ठिकाणी मुक्काम करतात; त्यांच्या जेवणाची काळजी अशी राजशासनातच लिहून ठेवलेली होती.

आमच्या जेवणाची काळजी घरच्या काकूंनी घेतली. चुलीवरच्या तांदळाच्या भाकऱ्या, हुलग्याची दाट आमटी, भरली वांगी, लसूण घालून वाटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा आणि नव्या तांदळाचा मऊ भात, असा साधाच बेत होता. “गार व्हायच्या आत बसा बघू,” असे म्हणत त्या तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकत होत्या. भाकरीचा पापुद्रा बोटाने उचलला की आतून वाफ निघे आणि त्यात घरचे लोणी सोडले जाई. पैसे देऊन इतके मनापासून वाढलेले जेवण मला शहरातल्या कोणत्याही खानावळीत मिळालेले नाही. खोली शेणाने सारवलेली, स्वच्छ आणि हवेशीर होती. स्नानगृह घरामागे आहे, तेव्हा रात्री उठावे लागणाऱ्या ज्येष्ठांनी विजेरी जवळ ठेवावी. पहाटे गारठा चांगलाच असतो आणि घरातली पांघरुणे आम्हाला अपुरी पडली, म्हणून आपली चादर सोबत न्यावी.

एक उणीव मनाला लागली. सुवर्णेश्वर, कपिलेश्वर यांसारखी जुनी शिवमंदिरेही या गावात आहेत, पण जाणकार माणूस सोबत नसेल तर ती नुसती पडीक दगडांसारखी वाटतात. माहिती सांगू शकेल अशी व्यक्ती यजमानांकडून आधीच ठरवून घ्यावी आणि तिला तिच्या वेळेचा मोबदला आवर्जून द्यावा. गावात मराठी सर्रास बोलली जाते, त्यामुळे संवादाची अडचण येत नाही. बसवरच्या पाट्या मात्र कन्नडमध्ये असतात, म्हणून महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी खानापूर स्थानकावर विचारूनच गाडीत बसावे.

परतीच्या वाटेवर नंदगड लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शूर सरदार संगोळी रायण्णा याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी येथेच फाशी दिले. त्याच्या समाधीपाशी थोडा वेळ थांबावेच. खानापूरजवळ मलप्रभेच्या काठी असोग्याचे रामलिंगेश्वर मंदिर आहे, तेथे मुले पाण्यात उतरण्याचा हट्ट धरतात, तेव्हा त्यांच्यावर लक्ष ठेवावे. देगावचे कमलनारायण मंदिर त्याच दिवसात उरकू नये. पेर्माडीची राणी कमलादेवी हिने उभारलेल्या त्या मंदिरात तीन गाभारे एका ओळीत आहेत आणि कोरीव काम इतके बारीक आहे की अर्धा दिवसही कमी पडतो. ते कित्तूरच्या जवळ असल्याने कित्तूरचा किल्ला आणि देगाव अशी जोडी दुसऱ्या दिवशी ठेवणे सोयीचे. सकाळी निघताना यजमानांना सांगितले तर वाटेसाठी भाकरी आणि ठेचा बांधून मिळतो.