पेटी धरू, बरणी धरू की ट्रायचा मसुदा?

भाचा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत आहे. वय ३४, अनगोळात भाड्याच्या दोन खोल्या, चार वर्षांची मुलगी. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने कोपऱ्यातली पेटी बघितली, फ्रीजमधल्या आल्याच्या बाटल्या बघितल्या, टेबलावरचा छापील कागदांचा गठ्ठा बघितला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही तिन्ही करून बसलाय. मला एकच जमणार खरं. दहा हजार बाजूला ठेवलेत. कुठलं धरू सांगा की."

मी फट्‌दिशी "पेटी" म्हणून मोकळा झालो. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, हे उत्तर माझ्या आवडीचं दिलं. त्याची शिफ्ट, त्याची भिंत, त्याची मुलगी यांचा विचारच केला नाही. म्हणून आता तिन्ही नाद शेजारी-शेजारी मांडून बघतोय. नाद म्हणजे असे: पेटीवर (हार्मोनियमवर) नाट्यपदं वाजवणं, घरी पेयं आंबवणं, आणि इंटरनेटच्या सरकारी धोरणांचा, म्हणजे ट्राय या दूरसंचार नियामकाच्या मसुद्यांचा, पाठपुरावा. तिसऱ्याला नाद म्हणतात का, असं बायको दर वेळी विचारते.

पैशाचं पटकन उरकतो. धोरणाचा नाद फुकट आहे, मोबाइल आणि डेटा असला की झालं. आंबवायला दोन काचेच्या बरण्या, आलं, साखर आणि सोड्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या लागतात, पाचशेच्या नोटेत भागतं. पेटी मात्र खिसा रिकामा करते. बरी जुनी पेटी फारच स्वस्तात मिळत असेल तर आधी संशय घ्यावा. मी साडेपाच हजारांत आणली होती आणि महिनाभर सगळ्यांना किंमत सांगत फिरत होतो. पहिल्या पावसात कळलं का स्वस्त होती ते.

वेळेचा हिशेब जास्त महत्त्वाचा. पेटीला रोज वीस मिनिटं लागतात, आणि त्यात उधारी चालत नाही. रविवारी दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही, बोटं विसरतात. त्यातून सुरुवातीला खरी अडचण उजव्या हाताची नसतेच. डाव्या हाताने भाता सारखा हलता ठेवायचा आणि उजव्याने पट्ट्या दाबायच्या, यात पहिला महिना जातो. पदाची ओळ अवघड आली की डावा हात थांबतो, सूर मरतो, आणि आपण उगाच पट्टीकडे बघत बसतो. भाच्याला वाटत होतं शिफ्टमुळे पेटी जमणार नाही. मला उलट वाटतं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तो सकाळी नऊ ते अकरा घरी असतो, मुलगी बालवाडीत, शेजारचे कामावर. नऊ ते सहा ऑफिस करणाऱ्याला असा निवांतपणा मिळत नाही. फर्स्टच्या आठवड्यात संध्याकाळ आहेच, फक्त भिंत सामाईक आहे आणि पलीकडे दहावीचा मुलगा आहे, हे त्याने ध्यानात ठेवावं.

बरणी याउलट. तिला दिवसाला दोन मिनिटं पुरतात. किसलेलं आलं एक चमचा, साखर एक चमचा, पाण्यात रोज घालत जायचं, वर फडकं बांधायचं. पाच-सात दिवसांत बुडबुडे यायला लागतात. हे आल्याचं विरजण. ते गाळून लिंबू-साखरेच्या गार पाण्यात घालायचं, बाटलीत भरायचं, आणि एक-दोन दिवसांनी बाटली दाबून बघायची. दगडासारखी कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये. थंडीत यीस्ट सुस्तावतं. पहिला घोट नाकात जातो आणि मुलगी खदखदून हसते, एवढं सुख दोन मिनिटांत.

पण भाच्याच्या डोक्यात आल्याचं पाणी नव्हतंच. त्याला बिअर करायची होती. बंगळूरचा मित्र त्याला फोटो पाठवतो. आणि खोटं कशाला बोलू, हवा त्या कामाला फर्मास आहे. एल जातीच्या बिअरच्या यीस्टला १८ ते २२ अंशांच्या आसपास बरं वाटतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, मार्गशीर्ष-पौषात बंद खोली आपोआप तेवढी गार राहते. बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) गरम पाण्यात मुरवायचं, गाळलेला रस हॉप्स (कडवट फुलं) घालून उकळायचा, गार करून यीस्ट सोडायचं, दोनेक आठवडे थांबायचं आणि बाटलीबंद करताना लिटरला सहा-सात ग्रॅम साखर घालायची. फौंड्रीत भट्टीचं तापमान सांभाळणाऱ्याला हे अवघड जाणार नाही. धातू काय आणि माल्ट काय, तापमान फार इकडेतिकडे झालं की माल वाया.

आड येतो कायदा. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, अमेरिकेनेही १९७८ च्या कायद्याने ती मोकळीक दिली. इंटरनेटवरचे सगळे व्हिडिओ तिकडचे, म्हणून आपल्याला वाटतं इथेही चालतं. कर्नाटकात १९६५ चा अबकारी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. 'घरीच प्यायची आहे' ही सबब त्यात बसत नाही. आम्ही तर तीन राज्यांच्या खेटाखेटीत राहतो. चोर्ला घाट उतरलं की गोवा, तिथे काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तीच बाटली परवान्याशिवाय घेऊन घाट चढलास की नाक्यावर तिचा मुद्देमाल होतो. चंदगडकडे वळलास तर महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा, १९४९ सालचा. बाटली एक, पन्नास-साठ किलोमीटरात तिचे कायदे तीन. भाच्याला मी स्पष्ट सांगितलं, बिअरचं नाव काढू नकोस. कंपनीत नोकरी आहे, घरमालक खाली राहतो.

आल्याच्या पेयातही दोन दिवसांत किंचित अल्कोहोल तयार होतं, हेही लपवत नाही. लवकर गार केलं तर ते नगण्य राहतं. ज्याला तेवढंही नको त्याने बिटाची कांजी करावी. बीट, मोहरीची पूड, मीठ, पाणी, तीन-चार दिवस उन्हात. तिथे काम जिवाणूंचं, आणि तयार होतं ते मुख्यतः आम्ल. नाहीतर नाचणीची आंबील आहेच. आमच्या आजीला आंबवण्याचा नाद आहे असं कुणी म्हटलं नाही, तिच्या लेखी ती न्याहारी होती.

बरणीत चुकलं तर काय होतं हे मात्र मी डोळ्यांनी बघितलंय. एका मे महिन्यात मी शहाणपणा करून आल्याचं पेय काचेच्या बाटलीत भरलं आणि माळ्यावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मोठा आवाज झाला. शेजारच्या काकू सिलिंडर फुटला म्हणून नेसत्या लुगड्यानिशी रस्त्यावर. माळ्यावर जुन्या गाद्या होत्या म्हणून काचा त्यांत रुतल्या, नाहीतर खाली मी झोपलो होतो. चार वर्षांचं मूल असलेल्या घरात काच नको, प्लॅस्टिकच.

धोरणाच्या नादात काही फुटत नाही, हा त्याचा गुण आणि तोच त्याचा दोष. मी त्यात पडलो २०१५ साली. ट्रायने मार्चअखेर ११८ पानांचा, वीस प्रश्नांचा सल्लामसलतीचा मसुदा काढला होता. काही साइट फुकट आणि बाकीच्यांना पैसे, असं कंपन्यांनी करावं का, हा त्यातला कळीचा मुद्दा. देशभरातून दहा लाखांवर मेल गेले. त्यात माझं एक होतं. नसतं तरी काही बिघडलं नसतं, हे मला ठाऊक आहे. मग डिसेंबरात फेसबुकच्या फ्री बेसिक्सवरून (ठरावीक साइट फुकट देणारी योजना) पुन्हा धुरळा उडाला आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला: मजकूर बघून डेटाचे दर वेगळे लावायचे नाहीत, लावले तर दिवसाला ५० हजार दंड. संध्याकाळी मी एकटाच चहा पीत बसलो होतो. आनंद झाला म्हणून सांगायला गल्लीत कोणी नव्हतं. पेटीवर एक पद धड वाजलं तर जिन्यातून कोणीतरी "वा" म्हणतं. इथे दहा महिने वाट बघा आणि "वा" स्वतःच म्हणा.

तरी सीमाभागातल्या माणसाला या नादात आयती मुळं आहेत. सीमेवरच्या बाचीला उभं राहिलं की फोनला शिनोळीचा टॉवर लागतो आणि महाराष्ट्रात स्वागत असल्याचा मेसेज येतो. पूर्वी तेवढ्यावर रोमिंग कापलं जायचं, अंगणात उभं राहून बोललं तरी. आमची थोरली चंदगडला दिली. तिकडच्या टेलिकॉम सर्कलमध्ये (विभागात) जुना नंबर घेऊन जाता येत नव्हता, नवं कार्ड घ्या नाहीतर रोमिंग भरा. ३ जुलै २०१५ पासून देशभर नंबर नेण्याची सोय झाली तेव्हा तिने लग्नाआधीचा नंबर ड्रॉवरमधून काढला. धोरण म्हणजे काय हे मला त्या दिवशी जेवढं कळलं तेवढं मसुदा वाचून कळलं नव्हतं. आणि निवेदन लिहायला आपल्याला कुणी शिकवायला नको. १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात (आजचं कर्नाटक) गेलं तेव्हापासून आमच्या तीन पिढ्या 'वरील विषयास अनुसरून' करतच आल्यात.

अडतं ते भाषेपाशी. ट्रायचे मसुदे इंग्रजीत, वाचायला साधारण चार आठवडे, मग दुसऱ्यांच्या म्हणण्यावर उत्तर द्यायला आणखी दोन. माहिती अधिकाराच्या कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा आहे, म्हणजे आम्हाला इंग्रजी, हिंदी नाहीतर कन्नड. मराठीत विचार करायचा आणि दुसरीत मांडायचा. मला कारकुनीत आयुष्य गेल्यामुळे जमतं. भाच्याला आठ तास भट्टीपुढे उभं राहिल्यावर हे वाचायला लावणं म्हणजे ओव्हरटाइम झाला. निवृत्त माणूस असेल, अर्ज लिहायची खाज अजून गेली नसेल, तर मात्र त्याने डोळे झाकून हाच नाद धरावा.

राहिली पेटी. इथे मी पक्षपाती आहे, तेव्हा सांभाळून वाचा. ज्यांनी १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातल्या चाली आणि कानडी चाली, सगळं त्यांनी एका ताटात वाढलं. (उद्योगवाले लक्ष्मणरावही गुर्लहोसूरचेच. त्यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान टाकलं, तोही एक नादच होता, पुढे त्याचं काय झालं ते किर्लोस्कर रोडवरून जाताना आठवतं.) मिरजेच्या गाडीने निघालात की सांबऱ्यापुढे सुळेभावी लागतं. कानडी घरातले कुमार गंधर्व १९२४ मध्ये तिथे जन्मले. त्यामुळे इथल्या माणसाला नाट्यपद शिकताना परकं काही शिकतोय असं वाटत नाही. जिभेवर दोन्ही भाषा असल्या की चाल लवकर बसते, असा माझा अनुभव आहे, शास्त्र नाही.

पेटीचे दोषही सांगतो. तिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, दोन पट्ट्यांच्या मधला सूर तिला नाही. यावरूनच १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती अनेक वर्षं टिकली. धोरणाचा नाद असणाऱ्यांना ही गोष्ट मी आवर्जून सांगतो. आमच्या पावसात लाकूड फुगतं आणि एखादी पट्टी दाबली की वर यायचं नाव घेत नाही. खानापूरकडे तर आणखी हाल. पण संगत मिळते ती पेटीलाच. भजनी मंडळात टाळ वाजवणारे दहा असतात, पेटीवाला एक, आणि त्याला एकादशीच्या आधी ताप आला की सगळ्यांचे चेहरे उतरतात. ज्याला काळी एकमध्ये (पहिली काळी पट्टी सा धरून) साधा ठेका धरून साथ देता येते त्याला सहा महिन्यांत बोलावणं येतं. बरणीवाल्याला किंवा मसुदावाल्याला कोण बोलावतं?

तेव्हा भाच्यासाठी तरी माझं उत्तर बदललं नाही. पेटी घ्यायची, शहापुरात आठवड्याला एक शिकवणी लावायची, आणि आल्याच्या दोन बाटल्या मुलीच्या करमणुकीसाठी चालू ठेवायच्या. त्याने मान डोलावली आणि विचारलं, "जुनी घेऊ की नवी?"

जुनी घे, खरं मी बरोबर येतो. भाता पूर्ण भरायचा, एकही पट्टी न दाबता सोडायचा आणि तो आपोआप मिटायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. चटकन मिटला तर हवा कुठून तरी निसटते आहे. मग एकेक पट्टी हलकी दाबायची, कुठला सूर उशिरा उठतो ते ऐकायचं, आणि शेवटी खालचं झाकण उघडून वास घ्यायचा. साडेपाच हजारांच्या पेटीचं झाकण मी उघडलंच नव्हतं. आत झुरळांचा संसार होता.