जुनी बाटली घ्यावी का नवी? फुलांच्या जुन्या परफ्यूमबद्दल जरा सविस्तर

परवा नांदेडच्या मावसबहिणीनं एका परफ्यूमच्या बाटलीचा फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ, ताई घेऊ का. नीना रिची या फ्रेंच कंपनीचं लेर द्यू तां, झाकणावर काचेच्या कबुतरांची जोडी, विकणारा म्हणतोय सत्तरच्या दशकातलं आहे म्हणून किंमत दुप्पट. तेच नाव असलेलं नवं सीलबंद पीस मात्र निम्म्यात मिळायलंय. तिला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथं लिहायलेय, कारण हा प्रश्न आजकाल बरेच जण विचारायलेत.

माझ्याकडं दोन्ही आहेत. जुनी आईची, मोठ्या मामानं चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला सौदीहून आणलेली, लातूरच्या घरात लोखंडी कपाटात साड्यांच्या मागं ठेवलेली. आत आता दोन बोटं उरलंय आणि रंग बिनदुधाच्या चहासारखा. नवी मी दोन वर्षांपूर्वी विमानतळावर घेतली. मे महिन्यातल्या एका दुपारी डाव्या मनगटावर जुनी लावली, उजव्यावर नवी, आणि कूलरसमोर बसले.

जुनीची पहिली पाच मिनिटं म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर, दुसरा शब्दच नाही. वरवरचे हलके वास सगळ्यात आधी खराब होतात ना, तेच. आईला लगेच शिंक आली. पण मग हळूहळू लवंग वर आली. कार्नेशनच्या फुलाला मुळातच लवंगेसारखा वास असतो, दोन्हीत युजेनॉल नावाचं एकच द्रव्य असतं, आणि हे परफ्यूम त्या फुलाभोवतीच बांधलंय, त्यामुळं ती लवंग मसाल्याच्या डब्यातली वाटत नाही, फुलाची वाटते. चारच्या सुमाराला नुसता मऊपणा उरला, पावडर, चांगला साबण, कडक उन्हात वाळलेली सुती साडी, असं काहीतरी. रात्री जेवताना होताच, दुसऱ्या दिवशी ब्लाउजच्या बाहीलाही होता. (बाहीला पिवळा डागही होता, तेव्हा जुनं परफ्यूम पांढऱ्या कपड्यावर मारू नका.)

नवीची सुरुवात जुनीपेक्षा कितीतरी चांगली, स्वच्छ, हलकी, आत्ताच केस धुतल्यासारखी. लवंग म्हणाल तर मसालेभातात एखादी सापडते तेवढीच. दोन तासांत मनगटावर काही नाही, कूलरच्या वाळ्याचाच वास जास्त येत होता.

मला वाटलं आई जुनीच उचलणार. तिनं दोन्ही मनगटं हुंगली आणि नवीकडं बोट केलं. जुनीला कपाटाचा वास येतोय म्हणाली. चाळीस वर्षं जिची बाटली तिचं हे मत, तेव्हा जुनं म्हणजे भारीच असं धरून चालणाऱ्यांनी जरा थांबा.

आता हा फरक पडला कशानं. लोक सरळ म्हणतात कंपन्यांनी स्वस्तातला माल घातला, आणि ते काही ठिकाणी असेलही, पण अर्धी गोष्ट नियमांची आहे. १९७३ मध्ये इफ्रा नावाची सुगंध-उद्योगाची संघटना निघाली, ती कुठला घटक किती वापरायचा याच्या मर्यादा ठरवते, आणि युरोपचे कायदे वेगळे. लवंगेच्या घरातलं आयसोयुजेनॉल अंगावर पुरळ उठवतं म्हणून त्यावर कडक मर्यादा आली, म्हणजे कार्नेशनचा कणाच गेला की. लेर द्यू तां १९४८ चं, फ्रांसिस फाब्रोंनं बनवलेलं (त्याच साली सप्टेंबरात आपल्याकडं निजामाची राजवट संपली), तेव्हा असं काही बंधन नव्हतं. ओकमॉसचंही तसंच. हे ओकमॉस म्हणजे आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाचं लांबचं भावंड, दोन्ही लायकेनच, म्हणजे सालीवर-दगडावर वाढणारं बुरशी आणि शेवाळाचं जोडकाम. जुन्या परफ्यूमच्या तळाशी जो ओलसर मातकट गारवा असतो तो बऱ्याचदा त्याचा, आणि आता त्यातले त्रास देणारे रेणू काढून टाकल्याशिवाय ते वापरता येत नाही. जुने नायट्रो मस्क, म्हणजे कस्तुरीसारख्या वासाची कृत्रिम रसायनं, तीही बरीचशी बाद झाली. त्यामुळं नव्या बाटलीला वरचा मजला छान आणि पाया कमी.

मोगरा-चमेलीच्या बाबतीत अजून एक आहे. चमेलीत इंडोल असतं, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या गजऱ्याला जो किंचित कुजका, जड, तरी हवाहवासा वास येतो तो. जुन्या परफ्यूममध्ये तो गजरा सापडतो. नव्यांमध्ये बहुतेक वेळा सकाळी सातचा, पाणी मारलेला गजरा असतो. ज्याला जे आवडतं ते, मला दुसऱ्या दिवशीचा आवडतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. शनेल नंबर फाइव्ह (१९२१) घ्यायचं असेल तर डोळे झाकून नवं घ्या, पण ओ द त्वालेत या पातळ प्रकाराच्या मोठ्या बाटलीऐवजी पार्फम या दाट प्रकाराची छोटी. फ्रान्समधल्या ग्रास गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबाशी त्यांचा १९८७ पासून करार आहे, चमेली अजून तिथली येते, आणि ते कळतं. डिओरचं डिओरिसिमो (१९५६) मुगे, म्हणजे लिली ऑफ द व्हॅलीच्या फुलाचं. या फुलातून तेलच निघत नाही, सगळा वास प्रयोगशाळेत जुळवावा लागतो, आणि तो जुळवायला वापरायचे त्यातलं लिलियल नावाचं रसायन युरोपात मार्च २०२२ पासून बंद, लायरल त्याच्याही आधी. तरी इथंही मी नवीच म्हणीन, कारण हा वास इतका नाजूक की जुन्या बाटलीत तो टिकलेला मला तरी अजून भेटला नाही. डिओरचं पॉयझन (१९८५) जुनं मिळालं तर घ्या, निशिगंध असा की लग्नाच्या हॉलमध्ये तुम्ही येण्याआधी वास पोचतो. फक्त डिसेंबर-जानेवारीत लावा, एप्रिलमध्ये बाजूचे उठून जातील. आणि ज्यां पातूचं जॉय (१९३०), ज्याच्या एका औंसात १०,६०० चमेलीची फुलं आणि २८ डझन गुलाब अशी जाहिरात असायची, ते आता बनतच नाही, तिथं जुन्याशिवाय पर्याय नाही. दुकानात डिओरचं जॉय दिसतं ते २०१८ चं आणि पूर्ण वेगळं, नावाला फसून पैसे घालवू नका.

जुनं घ्यायचंच ठरवलं तर आधी खोक्याचा फोटो मागा. मागच्या बाजूला लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल अशी लांबलचक यादी असेल तर माल साधारण २००५ नंतरचा, कारण युरोपात तेव्हा २६ ॲलर्जीकारक घटक नावानिशी छापायची सक्ती आली. मी स्वतः एकदा ऑनलाइन “सत्तरचं” म्हणून बाटली घेतली, आली तर खोक्यावर ही सगळी मंडळी रांगेत उभी. विकणाऱ्यानं फोन उचलायचं बंद केलं. बाटली नुसती झाकणाची असेल तर हवा जास्त गेलेली असते, स्प्रे असेल तर बरी. आणि मार्च ते जून मागवूच नका, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत पत्र्याच्या गोडाऊनमध्ये चार दिवस पडली तर पन्नास वर्षं टिकलेलं चार दिवसांत जातं.

काही जण म्हणतील एवढं कशाला, छत्रपती संभाजीनगरला सिटी चौकाकडं जा आणि अत्तर घ्या. जा की, मीपण जाते. पण अत्तरही तेच राहिलेलं नाही हं. कनौजला देग-भपक्यात, म्हणजे तांब्याच्या हंड्यात आणि त्याला नळीनं जोडलेल्या भांड्यात, फुलाची वाफ चंदनाच्या तेलात उतरवायचे, चंदन महाग झालं तसं बऱ्याच अत्तरांत त्या जागी पॅराफिन नाहीतर डीओपी नावाचं स्वस्त रसायन आलं. म्हणजे बदल तिथंही झालाच, फक्त खोक्यावर यादी नाही. गुलाब नाहीतर केवडा घेताना बेस काय आहे विचारा, चंदनाचा असेल तर भाव ऐकूनच कळेल.

मावसबहिणीला मी म्हटलं, रोज ऑफिसला लावायचं असेल तर नवीच घे. वासापेक्षा ती कबुतरं हवी असतील तर जुनी घे, पण खोक्याचा फोटो आल्याशिवाय पैसे पाठवू नको. तिनं मागितलाय. विकणारा म्हणतोय खोकं हरवलं.