लिनक्स मल्टिमीडियाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती: आवाजासाठी घ्याच, पण आपल्या अक्षरांचं काय?

आमचं निपाणीत लग्नाच्या व्हिडिओचं आणि भजनी मंडळांच्या रेकॉर्डिंगचं काम असतं, सगळं लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर. लिनक्सवर आवाज-व्हिडिओचं काम शिकवणाऱ्या या इंग्रजी पुस्तकाची जुनी आवृत्ती वापरून वापरून पानं सुटली होती, त्यामुळं नवी आली म्हटल्यावर लगेच मागवली.

आवाजाचं प्रकरण एक नंबर झालंय. जुन्यात काय होतं, रेकॉर्डिंग करायचं तर पल्सऑडिओ (रोजचा आवाज सांभाळणारा प्रोग्रॅम) बाजूला करा, जॅक (रेकॉर्डिंगसाठीचा प्रोग्रॅम) चालू करा, आणि जॅक चालू झाला की ब्राउझर गप्प. गिऱ्हाईक समोर बसलंय, त्याला यूट्यूबवरची चाल ऐकवायचीय आणि आपण सेटिंग उलटसुलट करत बसायचं, लई वैताग. आता दोन्हीचं काम पाइपवायर हा एकच प्रोग्रॅम करतो, लिनक्सच्या प्रकारांपैकी फेडोरानं २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीत घेतला, उबुंटूनं २२.१० या आवृत्तीत, आणि लेखकांनी नुसती नावं न बदलता अख्खं प्रकरण नव्यानं लिहिलंय. बफरचा, म्हणजे आवाजाचे नमुने साठवून मग पुढं सोडायच्या साठ्याचा, हिशोब बघा की, सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या रेटला १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद उशीर, २५६ केला की पाचच. बुवा हेडफोन लावून अभंग म्हणताना त्यांचाच आवाज मागून आला की ताल सुटतो, तो का सुटतो ते इथं नीट कळतं. बफर कमी करायचा, पीडब्ल्यू-टॉप (पाइपवायरचं काम दाखवणारी कमांड) लावून एररचा आकडा बघायचा, तो वाढायला लागला की एक पायरी परत वर जायचं.

एमपीथ्रीच्या पेटंटची जुनी लांबड काढून टाकली ते बरं केलं, ती २०१७ लाच संपलीत. फायरवायर केबलनं जुन्या कॅमेऱ्यातली मिनीडीव्ही कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायचं प्रकरण मात्र ठेवलंय, आणि ठेवलं ते फार चांगलं केलं, कारण लोक अजून जुन्या लग्नाच्या कॅसेटी घेऊन येतात आणि तासाभराच्या कॅसेटला १३ जीबी जागा लागते हे आधी माहीत असलेलं बरं.

खरी कमी टायटलच्या प्रकरणात आहे. आमच्याकडं मुलगा खानापूरचा मराठी, मुलगी गोकाकची कन्नड, पत्रिका दोन्हीत छापलेली आणि व्हिडिओवर नावंपण दोन्हीत लागतात. पुस्तकात एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रॅममधल्या ड्रॉटेक्स्टची (व्हिडिओवर अक्षरं लिहिणाऱ्या सोयीची) उदाहरणं सगळी इंग्रजी नावांची. जुन्या एफएफएमपेगमध्ये ‘किरण’ लिहिलं की वेलांटी क च्या आधी लागायच्या ऐवजी नंतर जाऊन पडायची, ‘ज्ञानेश्वर’ची जोडाक्षरं सुटी व्हायची, कन्नडमध्ये खाली बसणारी अक्षरं शेजारी यायची. २०२३ पासून ड्रॉटेक्स्ट हार्फबझ (अक्षरं जोडून नीट बसवणारा कोड) वापरतो म्हणून आता नीट येतं, आणि त्याआधीपण एएसएस प्रकारच्या सबटायटलची फाइल करून ती व्हिडिओवर बर्न केली, म्हणजे चित्रातच कायमची उमटवली, तर अक्षरं बरोबर बसायची, पण याबद्दल पुस्तकात एक ओळ नाही. नव्या पोरानं जुन्या मशीनवर काम सुरू केलं तर त्याला वाटणार लिनक्सवर मराठी येतच नाही, आणि तो सोडून देणार, याचं मला खरंच वाईट वाटतं.

लेखकांना मी आमच्या मराठी-कन्नड टायटलच्या फाइली आणि कमांड पाठवतोय, पुढच्या आवृत्तीत चार पानं तरी द्या म्हणून. तुमच्याकडं उर्दू किंवा कोंकणीचे असे नमुने असतील तर तुम्हीपण पाठवा.