चोर्ल्याच्या वळणांना कुठला टायर?

भाचा रोज बाइकने डिचोली-पणजी करतो आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाट चढून बेळगावला जातो. मागचा टायर झिजला, तेव्हा म्हणाला, "मामा, रोडचा घालू की मोठ्या ब्लॉकचा?" ब्लॉक म्हणजे टायरवरचे रबराचे सुटे, उंच ठोकळे.

पावसाळ्यातली पकड मी सगळ्यात आधी बघतो. ओल्या डांबरावर ब्लॉकच्या टायरचं रबर कमी टेकतं. वळणात गाडी झुकली की ब्लॉक वाकतात, ते सीटखाली जाणवतं. ब्रेक दाबला की एबीएस, म्हणजे चाक अडकू न देणारी ब्रेकची यंत्रणा, लवकर थरथरतं. रोडचा टायर तिथे निवांत असतो. मात्र सत्तरी तालुक्यातल्या कच्च्या वाटेवर त्याच्या खाचा तांबड्या चिखलाने भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे ब्लॉकच हवा.

झीज? रोजच्या डांबरावर ब्लॉक मधूनच सपाट होतात, म्हणजे नव्या टायरचा खर्च लवकर. आवाजही जास्त.

भाच्याला मी रोडचाच घ्यायला लावला. आठवड्याला बागायतीत, कच्च्यात जाणाऱ्याने ब्लॉकचा घ्यावा. दुकानात बाजूवरचे चार आकडे मात्र वाचाच: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. जुना माल असेल तर सरळ परत करा.