सीट डाय करून देतो म्हणणाऱ्याने लावलेला चुना, जुन्या गाडीवाल्यांनी वाचाच

पुण्या-मुंबईतल्या जुन्या गाडीवाल्यांमध्ये सध्या एक माणूस फिरतोय. लेदर असो नाहीतर रेक्झिन, कुठल्याही रंगाचा कुठलाही रंग करून देतो, कंपनी फिनिश, पाच वर्षं गॅरंटी, असं सांगतो. बोलायला एकदम गोड, प्रत्येक वाक्यात सर. माझे 32 हजार गेले आणि मित्राचे त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, जरा मोठं झालंय पण गाडी असेल तर पूर्ण वाचा.

माझी 1984 ची प्रीमियर पद्मिनी आहे, हँडल गिअरवाली, पुढे सलग बेंच सीट. पुढच्या सीटचं रेक्झिन अजून कंपनीचंच, गडद तपकिरी, एक-दोन बारीक भेगा सोडल्या तर ठणठणीत. मागची सीट मात्र आधीच्या मालकाने काळ्या रेक्झिनने मढवलेली, आणि डोअर पॅड तिसऱ्याच रंगाचे. दार उघडलं की आत नुसता गोंधळ. सगळं एका टॅन रंगात आणायचं होतं, एवढंच. आता लोक विचारतात की सरळ नवीन कव्हरं का नाही शिवली, नाना पेठेत चांगले कारागीर आहेत की. आहेतच, मीही त्यांच्याकडे कामं करून घेतलीत. पण कंपनीच्या रेक्झिनचा जो ग्रेन, म्हणजे वरची दाणेदार नक्षी, आहे आणि त्या पट्ट्यांची जी शिवण आहे ती आता बाजारात मिळत नाही, कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन जमाना झाला, आणि एकदा ते रेक्झिन उसवलं की गेलं ते गेलं. म्हणून रंग बदलायचा पर्याय. हा पर्याय खोटा नाही हे आधी सांगतो, नीट केलं तर होतं. नीट करणारे कमी आहेत, आणि वरून बघून दोघांतला फरक पहिले काही दिवस अजिबात कळत नाही, ह्याच्यावरच ह्या माणसाचं दुकान चाललंय.

घरी आला तेव्हा सोबत टॅन रंगाचा एक तुकडा घेऊन आला. म्हणाला सर हे मूळ काळं होतं, आपण टॅन केलंय, घासून बघा. नाण्याने घासलं, नखाने ओरबाडलं, दुमडून चुरगाळलं, काही म्हणजे काही झालं नाही. मग बिनालेबलचा एक डबा दाखवला, जर्मन कॉन्सन्ट्रेट आहे म्हणे, ड्रमने मागवतो म्हणून लेबल नसतं. भाव दोन्ही सीटा आणि चारही डोअर पॅड मिळून 32 हजार, त्यातले 20 आधी, कारण मटेरियल इम्पोर्ट करावं लागतं. बिल मागितलं तर जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल सर. हे वाक्य कुठल्याही धंद्यात ऐकलं की माझे कान टवकारतात पण तो तुकडा हातात होता ना, आणि तुकडा खरंच झकास होता. तो तुकडा मला ठेवूनही गेला, बक्षीस दिल्यासारखा. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

सीटा काढून शेडवर नेल्या आणि लगेच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. काय दिसत होत्या! शोरूममधून आल्यासारख्या, टायरला पॉलिश मारल्यासारखा झगझगीत शाइन, वास मात्र डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजचा. दोन दिवस काचा उघड्या ठेवा वास जाईल म्हणाला. उरलेले पैसे जीपेने घेतले आणि गेला.

पहिलं लक्षण ड्रायव्हरच्या बाजूच्या कडेला दिसलं, उतरताना जिथे मांडी घासते तिथे. आधी बारीक केसासारख्या रेषा, मग रेषांचं जाळं. एप्रिल लागला, गाडी उन्हात उभी राहायला लागली आणि सीटा चिकट झाल्या, म्हणजे बसलं की कपडा पकडून ठेवतात अशा. आईला दवाखान्यात नेलं तर उतरताना तिच्या फिक्या साडीवर मागून टॅन पट्ट्या. साडी धुऊन निघाली नाही, आणि आई त्या दिवसापासून पद्मिनीत बसायला तयार नाही, रिक्षा बोलाव म्हणते.

मग एका ठिकाणी नख घातलं तर अख्खी पापडी निघून आली, तळहाताएवढी. ती पापडी उलटी करून बघितली आणि सगळा खेळ कळला. आतल्या बाजूला रेक्झिनच्या ग्रेनचा हुबेहूब उलटा ठसा, प्रत्येक दाणा वेगळा मोजता येईल असा, आणि तेलकट चकाकी. खाली जुनं तपकिरी रेक्झिन जसंच्या तसं, त्यावर मी पूर्वी मारलेलं डॅशबोर्ड पॉलिशसुद्धा शाबूत, बोट फिरवलं तर घसरत होतं. म्हणजे ह्या पठ्ठ्याने सीट धुतलीसुद्धा नव्हती! धुळीवर आणि पॉलिशमधल्या सिलिकॉनवर सरळ स्प्रे गन फिरवली होती. आमच्या ओळखीचे एक पेंटर काका आहेत, आयुष्यभर गाड्या रंगवलेत, त्यांनी पापडी थिनरच्या झाकणात टाकली, बघता बघता विरघळली. म्हणाले कसलं जर्मन आणि कसलं काय, टचअपला मारतो तो साधा एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग आहे, किलोचा भाव विचारू नकोस, तुला त्रास होईल.

आता खरं काम कसं होतं ते थोडक्यात सांगतो, कारण हे माहीत असलं तर असली माणसं दारातच ओळखता येतात. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर, तो मऊ राहावा म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं, आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू वर येत राहतं. त्यावर साधा रंग मारला की रंग ते शोषून चिकट होतो नाहीतर कडक होऊन तडकतो, कारण सीट दबते आणि रंगाला दबायची सवय नसते. रेक्झिनसाठीचं जे खरं कोटिंग असतं त्यातलं सॉल्व्हंट पीव्हीसीच्या वरच्या थरात जरासं रुततं आणि सुकल्यावरही ते लवचिक राहतं. लेदरचं गणित वेगळं. गाडीतलं बहुतेक लेदर आतून बाहेरून एका रंगाचं नसतं, वरून रंगाचा थर आणि त्यावर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर असतो, हल्ली पाण्यातलं पॉलियुरेथेन, जुन्या ब्रिटिश गाड्यांना नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचा. त्यावर नवा रंग धरायला आधी जुना वरचा थर प्रेप लिक्विडने मोडावा लागतो. हेच प्रेप लिक्विड किंवा अ‍ॅसिटोन रेक्झिनवर चोळलं तर मात्र रेक्झिनच खराब होतं. म्हणजे समोर लेदर आहे की रेक्झिन हे न बघता जो एकच डबा दोन्हीला चालतो म्हणतो त्याला तिथेच नमस्कार करा.

बाकी सगळी मेहनत तयारीत. साबणाच्या पाण्याने ब्रश मारून धुणं, मग आयपीए म्हणजे अल्कोहोलने पुसून पॉलिशचं सिलिकॉन काढणं, स्कॉचब्राइटने घासून शाइन घालवणं, भेगांत लवचिक फिलर, अ‍ॅढीजन कोट म्हणजे रंग धरून ठेवणारा थर, मग रंगाचे पातळ पातळ हात आणि मध्ये वाळू देणं, लेदरला रंगात क्रॉसलिंकर म्हणजे रंग पक्का करणारं रसायन, शेवटी मॅट क्लिअर. मॅट, बरं का. कंपनीची सीट अशी झगझगत नसते. गडदवर फिका रंग करायचा असेल तर हात जास्त लागतात आणि कडेला घासून खालचा गडद रंग डोकावणारच, हे प्रामाणिक माणूस आधीच सांगतो. शिवणीचा नायलॉन-पॉलिस्टरचा दोरा रंग नीट धरत नाही हेही सांगतो. आमच्या महाशयांनी ह्यातलं अक्षर उच्चारलं नव्हतं. हे काम एका दिवसात होत नाही हो, नुसतं धुऊन वाळवायलाच दिवस जातो.

मित्राची गोष्ट तर अजून भारी. त्याच्याकडे डब्ल्यू 123 मर्सिडीज आहे, 240 डी, 1976 ते 1985 मधली ती चौकोनी मजबूत मालिका, कंपनीने जवळपास 27 लाख बनवल्या. त्याला ह्या माणसाने सांगितलं की सर तुमचं जर्मन लेदर आहे, लेदरचा रेट वेगळा, आणि 70 हजार घेतले, वर लेदर कंडिशनरचे वेगळे. माझं प्रकरण झाल्यावर आम्ही दोघांनी त्याची मागची सीट उचलून खालची दुमडलेली कड बघितली, तर मागे विणलेलं कापड. लेदरची मागची बाजू लव असलेली, चामड्यासारखी दिसते, कापड कधीच दिसत नाही. म्हणजे ते एमबी-टेक्स निघालं, मर्सिडीजचं स्वतःचं व्हिनाइल म्हणजे रेक्झिनच, जे इतकं दणकट असतं की लोक वर्षानुवर्षं लेदर समजून बसतात. तर ह्याने व्हिनाइलला लेदरचा रेट लावला आणि मारला तोच एनसी. वर सीटच्या मधल्या भागाला जी बारीक भोकं असतात ती रंगाने बुजवून टाकली, सुईने एकेक मोकळं करत बसलाय बिचारा.

फोन केला तर आधी म्हणाला पाणी लागलं असेल. मग म्हणाला तुम्ही जास्त उन्हात ठेवली. गाडी उन्हात ठेवायची नाही तर कुठे, देव्हाऱ्यात? शेवटी जे बोलला ते मी रेकॉर्ड करून ठेवलंय, सर गॅरंटी रंगाची आहे, चिकटण्याची नाही. आणि फुकटचा सल्ला, थिनरने पुसून काढा, खालून ओरिजिनल निघेल. चुकूनही करू नका, थिनरने खालचं रेक्झिन मऊ पडून ग्रेन पुसला जातो. मी नखाने आणि चिकटपट्टीने सुटेल तेवढंच काढतोय. त्याने तयारीच केली नव्हती म्हणून निदान मूळ रेक्झिन वाचलं.

आणि तो तुकडा. ग्लोव्ह बॉक्समध्ये पडला होता, पेंटर काकांनी ब्लेडने कापला. कापलेल्या कडेला वरपासून कापडापर्यंत एकच टॅन. काळ्याचं टॅन केलं असतं तर कडेला खाली काळं दिसलं असतं आणि वर टॅनचा बारीक पापुद्रा. नवीन टॅन रेक्झिन दुकानातून मीटरने आणून तोच सगळ्यांना दाखवतोय हा. त्यामुळे सॅम्पल कोणीही दाखवू दे, ब्लेड मागा, समोर कापा. त्याहून बरं म्हणजे तुमच्याच सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर वीतभर करून घ्या, आठवडाभर उन्हात ठेवा, मग चिकटपट्टी दाबून फर्रकन ओढा आणि पांढऱ्या ओल्या फडक्याने जोरात घासा. पट्टीला नाहीतर फडक्याला रंग आला तर पुढे बोलणंच नको. धुण्याचे आणि घासण्याचे फोटो प्रत्येक टप्प्यावर मागा, डब्यावरचं लेबल बघा, आणि अ‍ॅडव्हान्स मटेरियलपुरताच द्या. तुमच्या सीटचं रेक्झिन कंपनीचं नसेल, नंतर कोणी मढवलेलं असेल, तर रंगाच्या भानगडीत पडूच नका, नवीन शिवून घ्या, टिकेल तरी. माझी मागची सीट मी आता तशीच शिवायला टाकलीय.

पैशांचं म्हणाल तर 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, त्यांनी त्याला कळवलं, त्याने उत्तरच दिलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात टाकतोय, ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन भरता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांच्या आत करावी लागते. पक्कं बिल नाही तरी जीपेचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरचं गॅरंटीचं बोलणं, फोनचं रेकॉर्डिंग आणि त्या पापड्या एका डबीत जपून ठेवल्यात. मित्रही त्याची वेगळी तक्रार टाकतोय. ह्याच माणसाकडून अजून कोणी सीटा करून घेतल्या असतील तर पेमेंटचे पुरावे पुसू नका, सुटलेला रंग फेकू नका आणि मला कळवा, तिसरी तक्रार सोबत गेली तर बरं होईल. त्याने नंबर बदललाय असं कालच कळलं, पण शेड तीच आहे.